एका आईची दोन गोत्रं, आणि मांडीवरच्या आजोबांचा वाडा

माणदेशी

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

गावच्या अर्ध्या वाड्याची वाटणी निघालीय. जमीन कूळकायद्यात केव्हाच गेली. उरलाय तो पडका सोपा, माजघर, परसातली विहीर आणि भावकीतले रुसवे. वडिलांची ट्रंक उपसताना १९३६ सालचं एक दत्तकपत्र हाती आलं. मजकूर मोडीत, पण रजिस्टरचा शिक्का ठळक. ओळखीतल्या एका जाणकारांकडून वाचून घेतलं, आणि घरात लहानपणापासून कुजबुजीत ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा कागदावर दिसली.

गोष्ट अशी. माझ्या आजोबांना (आम्ही अप्पा म्हणायचो) त्यांच्या सख्ख्या आत्याने मांडीवर घेतलं. काशीआत्याचे यजमान १९१८ च्या मानमोडीत (फ्लूच्या साथीत) गेले. मूलबाळ नव्हतं, दिराबरोबर एकत्र कुटुंब. अठरा वर्षं तिने दिराच्या घरात चूल फुंकली आणि मग एक दिवस माहेरहून भाचा आणून दत्तक घेतला. गंमत म्हणजे भाचा तेव्हा २७ वर्षांचा होता. लग्न झालेलं, पदरात दोन मुलगे. थोरला पाच वर्षांचा, मधला दोनचा. माझे वडील त्यानंतर तीन वर्षांनी झाले.

परिणाम असा की थोरले आणि मधले काका कुलकर्णी राहिले, आणि अप्पा, माई (आजी) व माझे वडील देशपांडे झाले. एकाच आईच्या पोटची भावंडं, आडनावं दोन. लहानपणी मला वाटायचं काकांनी आडनाव बदललंय!

अप्पा १९७१ ला गेले, माई १९८४ ला. दोघांचंही मृत्युपत्र नाही. आता थोरल्या काकांच्या नातीने व्हॉट्सॲपवर सरळ विचारलंय, 'वाड्यात आमचं काहीच नाही का?' माझा एक चुलत चुलतभाऊ म्हणतो, नाही म्हणजे नाही, ते दुसऱ्या घरचे. मला ते 'दुसऱ्या घरचे' टोचतंय. पण कायदा काय म्हणतो?

---

टकाटक

थांबा थांबा. म्हणजे अप्पा स्वतःच्याच दोन मुलांचे कायद्याने कोण झाले? आतेभाऊ??

---

वकीलकाकू

टकाटक, विचारलंय थट्टेत, पण प्रश्न बरोबर आहे.

दत्तक गेलेला माणूस जन्माच्या घराला मेल्यासारखा, असं जुन्या हिंदू कायद्याचं गृहीतक. बायको नवऱ्याच्या पाठोपाठ नव्या घरात जाते, कारण तिचं गोत्र नवऱ्याचं. मुलांचं काय, हा वाद मुंबई हायकोर्टात आला तो १९०९ साली, कळगवडा वि. सोमप्पा या खटल्यात. कोर्ट म्हणालं, दत्तक दिला जातो तो एक माणूस, त्याचं अख्खं बिऱ्हाड नाही. आधी जन्मलेल्या मुलाला जन्मतःच जुन्या घराच्या मिळकतीत हक्क लागलेला असतो, बापाच्या दत्तकाने तो पुसला जात नाही. म्हणून तो जुन्याच घरात, जुन्याच गोत्रात राहतो. उलट बाजूने, बापाच्या नव्या घरात त्याला काही मिळत नाही.

१९१८ साली आणखी बारीक प्रश्न आला. दत्तक होताना मूल पोटात असेल तर? ठरलं की जन्म दत्तकानंतरचा, तेव्हा ते नव्या घरचं. म्हणजे सख्ख्या भावंडांमधली सीमारेषा जन्माच्या तारखेवर. दत्तकहोमाच्या आदल्या दिवशी जन्मलेला कुलकर्णी, दुसऱ्या दिवशीचा देशपांडे.

माणदेशी, एवढ्यावरून तुमच्या चुलत चुलतभावाचं खरं आहे असं वाटेल. पण घाई नको. अप्पा १९७१ ला गेले आणि माई १९८४ ला, हे क्रमाने लिहिलंत ते बरं केलंत. माईंचं बघायला हवं. आज कोर्टात तारीख आहे, रात्री सविस्तर लिहिते. तोवर एक सांगा, अप्पांना मुलगी होती का?

---

माणदेशी

नाही. तीन मुलगेच.

---

अंजनीपुत्र

२७ वर्षांचा बाप्या मांडीवर? दत्तक म्हणजे तान्हं मूल, पाळणा, बारसं. हे कुठल्या शास्त्रात बसतं?

---

पोथीवाला

बसतं, आणि तेही आपल्याच शास्त्रात. बंगालच्या किंवा दक्षिणेच्या पंडितांनी वयाबद्दल, मुंजीबद्दल, लग्नाबद्दल बरीच बंधनं घातली होती. 'व्यवहारमयूख' लिहिणाऱ्या नीलकंठभट्टाने मात्र साफ सांगितलं की लग्न झालेला, मुलगा झालेला पुरुषही दत्तक होऊ शकतो. त्याची मांडणीही गोड आहे. हे मत तो 'तातचरणांचं' म्हणून देतो, म्हणजे वडिलांचं, शंकरभट्टांचं. आणि वर स्वतःची पुस्ती जोडतो की हे युक्तच आहे. बाबा असं म्हणतात आणि मलाही पटतं!

हे भट्ट घराणं मूळ पैठणचं. नीलकंठाचे पणजोबा रामेश्वरभट्ट काशीला गेले आणि तिथेच राहिले. आजोबा नारायणभट्ट काशीतले मोठे नाव. 'निर्णयसिंधु'वाला कमलाकरभट्ट हा नीलकंठाचा चुलतभाऊ. आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट म्हणजे याच नीलकंठाच्या दुसऱ्या चुलतभावाचे चिरंजीव. ग्रंथ लिहिला यमुनेकाठच्या एका सेंगर राजाच्या आश्रयाने, आणि तो कायदा म्हणून चालला गुजरातेत, मुंबईत, कोकणात. पुस्तकांचाही प्रवास असतो.

मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी ही मुभा उचलून धरली. दत्तक मुलगा दत्तक घेणाऱ्या बाईपेक्षा वयाने मोठा असला तरी दत्तक रद्द होत नाही, इथपर्यंत गाडी गेली.

---

वकीलकाकू

कोर्टाच्या व्हरांड्यातून एक भर घालते. १९५६ च्या दत्तक कायद्यात नियम आला की मूल पंधरा वर्षांखालचं आणि अविवाहित हवं. पण कलम १० मध्ये शेपूट आहे: रूढी असेल तर ते नियम लागत नाहीत. महाराष्ट्राची रूढी या शेपटाला धरून जिवंत राहिली. १९९१ साली कोंडिबा पापळ यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की जुन्या मुंबई राज्याच्या भागात कुठल्याही वयाचा दत्तक घेण्याची रूढी कोर्टांनी इतक्यांदा मानलीय की ती पुन्हा सिद्ध करायला नको. त्यामुळे आजही मिशीवाले दत्तक होतात, अंजनीपुत्र.

---

दप्तरदार

धागाकर्त्याच्या काशीआत्याला सलाम. पण श्रेय मयूखाला द्या. बाकी सगळ्या हिंदुस्थानात विधवेला दत्तकासाठी मेलेल्या नवऱ्याची परवानगी दाखवावी लागायची. फक्त महाराष्ट्रात ती स्वतःच्या अखत्यारीत दत्तक घेऊ शकत होती, कारण नीलकंठभट्टाने तो हक्क दिला होता. आमचे शास्त्रकार प्रागतिक होते, हे कुणी सांगत नाही.

---

पोथीवाला

दप्तरदार, इथे मला थोडं आडवं यावं लागेल. मूळ वाक्य वसिष्ठाचं आहे आणि एवढंसंच आहे: 'न स्त्री पुत्रं दद्यात् प्रतिगृह्णीयाद्वा अन्यत्रानुज्ञानाद्भर्तुः'. नवऱ्याच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने मुलगा देऊ नये, घेऊ नये. सगळ्या प्रांतांतल्या पंडितांना हे वाक्य मान्य. भांडण आहे ते अनुज्ञा केव्हाची, यावर.

मिथिलेचे पंडित म्हणाले, अनुज्ञा दत्तक घेताना हवी. मेलेला नवरा त्या क्षणी हो म्हणू शकत नाही, म्हणजे विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगाली म्हणाले, जिवंतपणी देऊन ठेवलेली चालेल. द्रविड म्हणाले, नवरा गेला तर त्याच्या सपिंडांची, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांची, संमती पुरे. आणि आपल्याकडचे, म्हणजे मयूख आणि अनंतदेवाचा कौस्तुभ, म्हणाले की हे वाक्यच मुळी सधवेसाठी आहे. नवरा जिवंत असताना त्याला डावलून घेऊ नको, एवढाच अर्थ. विधवेचा त्यात संबंध नाही.

एक ओळ, चार प्रांत. १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे (लंडनमधलं, शेवटच्या अपिलाचं कोर्ट) रामनाडच्या जमीनदारीचा खटला गेला तेव्हा तिथल्या न्यायमूर्तींनी ही चारही वाचनं ओळीने मांडली. त्याच निकालात त्यांनी सांगितलं की हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथातल्या वचनाहून भारी. हे वाक्य पुढे हजारो वकिलांनी घासून घासून गुळगुळीत केलं.

आता मुद्दा. नीलकंठभट्ट 'नवऱ्याची आज्ञा नको' म्हणून थांबत नाही. तो पुढे म्हणतो, विधवेने वडिलांच्या आज्ञेने घ्यावा, ते नसतील तर ज्ञातींच्या, म्हणजे भावकीच्या. स्त्रीचं रक्षण कधी पित्याने, कधी पतीने, कधी पुत्राने करायचं आणि कुणी नसेल तर ज्ञातींनी, हे याज्ञवल्क्याचं वचन त्याच्या डोक्यात आहे. म्हणजे काशीआत्याला तिच्या दिराने हो म्हटलं असतं तरच नीलकंठाने हो म्हटलं असतं!

भावकीची ही अट काढली ती मुंबई हायकोर्टाने. १८६८, रखमाबाई वि. राधाबाई. मराठी मुलखात विधवेला नवऱ्याची परवानगीही नको आणि भाऊबंदांची संमतीही नको, कर्तव्य म्हणून, लहरीखातर नव्हे, असा दत्तक घेतला की झालं. ग्रंथ अर्धं बोलला, उरलेलं इथल्या वहिवाटीने आणि न्यायाधीशांनी पुरं केलं. मयूखाची मांडलिकांची १८८० ची आवृत्ती घ्या किंवा काण्यांची १९२६ ची, मूळ उतारा समोर ठेवून निकाल वाचा. फट स्पष्ट दिसते.

---

मीरा_टोरांटो

रखमाबाई म्हणजे त्याच ना, डॉक्टर? ज्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला?

---

पोथीवाला

नाही हो. त्या रखमाबाईंचा खटला १८८४ नंतरचा, आणि १८६८ मध्ये त्या चार वर्षांच्या होत्या. इथल्या रखमाबाई आणि राधाबाई एकाच माणसाच्या दोन विधवा. थोरलीने धाकटीला न विचारता दत्तक घेतला म्हणून भांडण. नावांमुळे पुष्कळांचा गोंधळ होतो.

---

दप्तरदार

मान्य. उतारा मी स्वतः पाहिला नव्हता, ऐकीव लिहिलं. पण मग हा प्रश्न उरतो की इंग्रज न्यायाधीशांना इथल्या विधवांचा एवढा पुळका कुठून आला? त्याच सरकारने नागपूर गिळलं ना. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये गेले, मुलगा नाही, दत्तकही घेतलेला नाही. राण्यांनी यशवंतरावाला मांडीवर घेतलं ते सरकारने राज्यापुरतं मानलं नाही. तिथे कुणाला मयूख आठवला नाही.

---

टकाटक

राज्य असलं की खालसा, वाडा असला की मयूख 😀

---

पोथीवाला

टकाटकरावांनी एका ओळीत उरकलं. मी एवढंच म्हणेन की पुळका नव्हता. घराघरांतले दत्तक आधीच होऊन बसले होते, त्यांच्यावर जमिनी, इनामं, देणी फिरली होती. सगळे उलटवले असते तर दफ्तरखाना कोसळला असता. एल्फिन्स्टनच्या हुकमावरून दख्खनच्या जातींचे रिवाज गोळा करून १८२७ मध्ये छापले गेले, तेही याच व्यवहारी गरजेतून.

---

मीरा_टोरांटो

मला वेगळं विचारायचंय. अठरा वर्षं गप्प राहिलेली बाई १९३६ मध्येच का उठली? म्हातारपणाची काठी हवी होती, की पिंडाची चिंता?

---

वकीलकाकू

मीरा, हा माझा आवडीचा विषय. (आज तारीख पडली, दुसरं काय.)

एकत्र कुटुंबात नवरा मेला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे सरकायचा. विधवेला काय? पोटगी आणि राहायला जागा. तेही दिराच्या मर्जीने, म्हणजे जावेच्या हाताने. तिच्या मांडीवर मुलगा आला की तो नवऱ्याचा मुलगा ठरतो आणि नवऱ्याचा गेलेला हिस्सा परत मागू शकतो. पिंडदान हे शास्त्रातलं कारण, आणि ते खोटं नसेलही. पण पिंडाच्या आड भाकरी असायची.

१९३६ च का, याचं उत्तर मला कायद्याच्या अहवालात दिसतं. १८६८ च्या निकालानंतर १८७९ मध्ये हायकोर्टाने पाय मागे घेतला होता: विभक्त कुटुंबातल्या विधवेचं ठीक, पण नवरा एकत्र असताना मेला असेल तर उरलेल्या हिस्सेदारांची संमती हवी. म्हणजे दिराची. काशीआत्या तिथेच अडकलेली होती. १९३३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने भीमाबाईच्या खटल्यात ही अडसर काढली. एकत्र कुटुंबातली विधवाही कुणाला न विचारता दत्तक घेऊ शकते. मग तीन वर्षांत माणदेशातल्या एका बाईने भाचा आणला. तालुक्याच्या कुणा वकिलाने कानात सांगितलं असणार, दुसरं काही नाही.

आणि तान्हं मूल न घेता २७ वर्षांचा भाचा का? तान्ह्या मुलाच्या नावाने दिराशी भांडायला पुन्हा कुणी पुरुषच शोधावा लागला असता. घोडेस्वार तयार हवा होता.

दुसऱ्याच वर्षी, १९३७ ला, विधवेला नवऱ्याच्या हिश्शात स्वतःचा वाटा देणारा कायदा आला, पण तो आधी मेलेल्यांच्या विधवांना लागू नव्हता. काशीआत्याला तो उपयोगी पडलाच नसता.

---

माणदेशी

काकू, अंगावर काटा आला. दिराने १९३७ मध्ये दावा लावला होता, १९४१ ला तडजोड होऊन अर्धा वाडा आला, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. आणि दत्तकपत्रात एक अट आहे. काशीआत्याने स्वतःसाठी माजघराशेजारची खोली, वर्षाला चार पोती जोंधळा आणि 'दर चातुर्मासात एक लुगडे' राखून ठेवलंय. अप्पांनी ती मोडली तर खोली विकायचा हक्क तिला. आईने मुलाकडून असं लिहून घ्यावं?

---

वकीलकाकू

घ्यावंच. दत्तक मुलगा आला की विधवेच्या हातातलं सगळं त्याचं, असा तेव्हाचा नियम. म्हणून शहाण्या बायका आधी लिहून घ्यायच्या. विधवेच्या हयातीपुरत्या अशा वाजवी अटी चालतात, हे १९२७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं होतं. तुमच्या आत्याबाईंचा वकील खरंच चांगला होता.

---

अंजनीपुत्र

ताईमहाराज प्रकरणही हेच ना? टिळकांचं?

---

दप्तरदार

तेच, पण वरच्या पायरीवरचं. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये गेले. मृत्युपत्राने टिळक एक विश्वस्त. त्यांच्या विधवा ताईमहाराजांनी विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घ्यायचा होता. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ मांडीवर बसला. पुण्यात आल्यावर बाईंचं मन फिरलं (की फिरवलं गेलं), आणि ऑगस्टात कोल्हापुरात दुसरा दत्तक, बाळामहाराज. मग टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला, शिक्षा, १९०४ मध्ये हायकोर्टातून सुटका. दिवाणी दावा मात्र १९१५ पर्यंत, थेट प्रिव्ही कौन्सिल. तिथे जगन्नाथ जिंकला. ताईमहाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या.

कायद्याच्या अंगाने सगळा वाद एका क्षणाचा: औरंगाबादेत मुलगा खरंच 'दिला आणि घेतला' गेला का? होम झाला की नाही हे दुय्यम, हातातून हातात मूल गेलं का हे मुख्य.

---

मीरा_टोरांटो

चौदा वर्षं भांडण, आणि सगळे पुरुष. ताईमहाराजांना नक्की कोण हवा होता हे कुठे नोंदलंय का?

---

दप्तरदार

कागद भरपूर आहेत, पण प्रत्येक कागद कुठल्यातरी बाजूच्या कारभाऱ्याने लिहिलेला आहे. तेवढ्यावरून बाईंचं मन सांगायला मी धजणार नाही.

---

वकीलकाकू

आता माणदेशींचा वाडा. जरा गणित आहे, पाटी घ्या.

पहिली गोष्ट, १९३६ चा दत्तक पक्का. तडजोडीचा हुकूमनामा आहे, तो प्रश्न संपला. (त्या काळात असे दत्तक दशकांनी मागे जाऊन मिळकत खेचून आणायचे. १९४३ चा अनंत वि. शंकर बघा: मुलगा १९१७ ला गेला, आईने १९३० ला दत्तक घेतला आणि प्रिव्ही कौन्सिलने मधल्या माणसाच्या हातातली मिळकत दत्तकाला दिली. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये त्याला वेसण घातली, आणि १९५६ च्या कायद्याने तर सांगूनच टाकलं की दत्तकाआधी दुसऱ्याकडे गेलेलं परत येणार नाही.)

दुसरी गोष्ट. १९७१ मध्ये अप्पा गेले तेव्हा देशपांडे घराच्या एकत्र मिळकतीत पुरुष दोन: अप्पा आणि तुमचे वडील. अप्पा जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं समजायचं. आपल्याकडे बाप-लेकात वाटणी झाली तर आईलाही एक हिस्सा मिळतो, आणि या कल्पित वाटणीतही तिचा हिस्सा खरा धरायचा, असं सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम वि. हिराबाई या खटल्यात ठरवलं. म्हणजे अप्पा, माई आणि वडील, प्रत्येकी एक तृतीयांश. मग अप्पांचा तृतीयांश त्यांच्या वारसांत, माई आणि वडील, निम्मा निम्मा. थोरले-मधले काका इथे वारस नाहीत, कळगवडाच्या निकालामुळे. माईंकडे एकूण किती झाले? एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश, म्हणजे निम्मे.

तिसरी गोष्ट, आणि इथेच तुमचा चुलत चुलतभाऊ चुकतोय. ते निम्मे माईंच्या पूर्ण मालकीचे. माई १९८४ ला मृत्युपत्राविना गेल्या. हिंदू बाईचे वारस १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे: मुलगे, मुली आणि नवरा. कुणाचे मुलगे? तिचे. गोत्र विचारलेलं नाही, आडनाव विचारलेलं नाही. १९८७ मध्ये लछमनसिंग वि. किरपासिंग मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाईचा 'मुलगा' म्हणजे तिच्या पोटचा, मग तो कुठल्याही नवऱ्यापासूनचा असो, आणि सावत्र मुलगा त्यात येत नाही. तुमचे काका तर त्याच नवऱ्याचे. त्यांना कुणी दत्तक दिलंच नव्हतं. बाप दत्तक गेला होता, आई नव्हे, आणि आईशी त्यांचं रक्ताचं नातं कुठल्याच निकालाने तोडलेलं नाही. नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते ती बाईला मूलबाळ नसेल तरच.

तेव्हा माईंचे निम्मे तिघांत. प्रत्येक काकाचा अर्ध्या वाड्यात सहावा हिस्सा. तुमच्या वडिलांचे दोन तृतीयांश.

हे माझं वाचन. कागद बघितल्याशिवाय कुणाही वकिलाच्या धाग्यावरच्या मतावर सही करू नका, माझ्याही. मधल्या काळात कुणी हक्कसोडपत्र केलंय का, सिटी सर्व्हेला नाव कुणाचं आहे, हे आधी काढा.

---

टकाटक

बापाच्या घरातून बाहेर, आईच्या दारातून आत. काकू, जबरदस्त.

---

अंजनीपुत्र

पण मग शास्त्राप्रमाणे नाही ना? मनूचं आहे की 'गोत्ररिक्थे जनयितुर्न हरेद्दत्त्रिमः'...

---

पोथीवाला

ते दत्तक गेलेल्याबद्दल आहे: जन्मदात्याचं गोत्र आणि धन त्याने घेऊ नये. काका दत्तक गेलेच नाहीत. आणि वचनात 'जनयितुः' आहे, जन्म देणाऱ्या बापाचं. आईच्या धनाला मनू इथे हात लावत नाही.

---

माणदेशी

आठवड्याने लिहितोय, माफ करा. सांगलीला मधल्या काकांकडे जाऊन आलो. नव्वदी उलटलीय, ऐकू कमी येतं, पण बाकी खणखणीत. कागद दाखवला. काशीआत्याचा अंगठा बघून म्हणाले, 'मला ती आठवते. मला कधी जवळ घेतलं नाही हो तिने. घाबरायची. मला मांडीवर घेतलं तर लोक म्हणतील हासुद्धा दत्तक.'

मग माईच्या दहाव्याची गोष्ट सांगितली, जी मी तिथे असूनही मला माहीत नव्हती. घाटावर गुरुजींनी गोत्र विचारलं. वडिलांनी एक सांगितलं. थोरल्या काकांच्या तोंडून सवयीने दुसरं निघालं. गुरुजी गोंधळले, भावकी बघायला लागली. थोरले काका मागे सरकले आणि म्हणाले, 'तू कर, तुझी आई आहे.' वडिलांनी दर्भ खाली ठेवला. अर्धा तास कुणी पुढे होईना. शेवटी काकांनीच दर्भ उचलून वडिलांच्या हातात दिला.

सहाव्या हिश्शाचं सांगितलं तर हसले. 'वाडा पडलाय रे, सहावा हिस्सा म्हणजे कोणती भिंत?' मग जरा वेळाने म्हणाले, 'माजघराशेजारची खोली दे लिहून. आत्याची.'

वकीलकाकू, सिटी सर्व्हेला वडिलांचं एकट्याचं नाव आहे, हक्कसोड कुणाचंच नाही. आता वारसनोंद तिघांची लावायची, की आधी वाटणीपत्र?

---

वकीलकाकू

आधी माईंच्या वारसांची नोंद, तिघांच्या शाखांसकट. थोरल्या काकांच्या मुलांचे दाखले लागतील. मग सगळ्यांच्या सह्यांनी नोंदणीकृत वाटणीपत्र, त्यात ती खोली मधल्या काकांच्या नावे. नकाशात खोलीची लांबी-रुंदी टाकायला विसरू नका, आणि विहिरीवर जाण्याची वाट सामाईक ठेवा. काकांचं वय बघता उशीर नको. सोमवारी कागद घेऊन या.